दोन्ही टोकांना पिन

"ह्या धुरानं मेलेला उठून बसायचा एखादा," असं म्हणत विनीने खिडकी लावून घेतली.

विनी म्हणजे बेटीची धाकटी बहीण. तोंडाने फटकळ, पण कालपासून ह्या घरातला चहा, पाव, आल्यागेल्याचं बघणं सगळं तिच्याच अंगावर होतं. खिडकीबाहेर मंडपवाल्याचा जनरेटर धडधडत होता. खिडकी उघडी ठेवली की डिझेलचा धूर सरळ आत यायचा आणि लावली की ऑक्टोबरच्या उकाड्याने माणसं घामाने निथळायची. बायका खोकत खोकतच 'नमो मारिया' म्हणत होत्या. रोझरीची जपमाळ कशीबशी पुढे सरकत होती.

बेटी पेटीच्या उशाशी बसली होती. ओठ प्रार्थनेबरोबर हलत होते, कान मात्र पेटीखालच्या यंत्राच्या घरघरीकडे लागले होते. काचेच्या त्या थंड पेटीत तिचा नवरा रॉबर्ट होता, मुलीच्या लग्नात शिवलेल्या सुटात. काल पहाटे तो गेला. छातीत कळ आली आणि डॉक्टर दारात येईपर्यंत सगळं आटोपलं. जीना, त्यांची एकुलती एक मुलगी, कॅनडात. तिला विमान मिळालं ते उद्या सकाळी पोचवणारं. फोनवर ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मम्मी, मी येईपर्यंत डॅडीला ठेव. मला तोंड बघायचंय." बेटीने तिला शब्द दिला होता. आता काही झालं तरी तो पाळायचा, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

नेमका त्याच संध्याकाळी परतीचा पाऊस वारा घेऊन आला. आळीच्या तोंडाशी एक म्हातारा माड होता, तो विजेच्या तारांवर आडवा झाला. तारा तुटल्या, खांब वाकला आणि भुईगावचा हा कोपरा अंधारात गेला. मंडपवाल्याने लगोलग जनरेटर आणून दिला म्हणून पेटी चालू राहिली. त्या धुराला नावं ठेवायचा हक्क विनीला होता, बेटीला नव्हता.

बेटीने जन्म काढला तो शिलाईमशीन पायाने मारत. अर्ध्या भुईगावाच्या शाळेचे गणवेश तिच्या हातचे. रॉबर्ट दर दोन-चार वर्षांनी म्हणायचा, मशीनला मोटर लावून देतो, पाय किती झिजवशील? ती म्हणायची, "करंट दिसत नाय. जे दिसत नाय त्याला मी हात नाय लावायची."

"देव तरी कुठे दिसतो?" तो विचारायचा.

"देव झटका देत नाय."

त्यावर तो खो खो हसायचा. मात्र मोटर काही लागली नाही. घरात वाटणीच ठरून गेली होती. स्वयंपाक, शिवण, चर्चची वर्गणी हे तिचं. बल्ब, फ्यूज, पंप, मेन हे सगळं त्याचं. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात तो बॉयलरवर होता. तिथे कोळसा ओढून त्याची नखं कायमची काळी झाली. निवृत्त झाल्यावरही ती पुरती उजळली नाहीत. आता पेटीत, छातीवर जोडलेल्या हातांत माळ गुंडाळलेली होती आणि बेटीला ती नखं काचेतून दिसत होती.

"काकी," दारातून आवाज आला.

विघ्नेश भोईर आला होता. जूचंद्रचा, ह्या भागाचा वायरमन. वीज कंपनीने त्याला तंत्रज्ञ असं भारदस्त नाव दिलं होतं, पण गावाच्या लेखी तो लाईटवालाच. चप्पल बाहेर काढून तो आत आला आणि पेटीपुढे हात जोडून उभा राहिला. ख्रिस्ती घरात काय करतात हे त्याला ठाऊक होतं, तरी हात आपसूक जोडले गेले. दर पावसाळ्याआधी तो तारांवरच्या फांद्या छाटायला यायचा तेव्हा त्याची शिडी धरून रॉबर्ट उभा असायचा. काम झालं की बेटी त्याला केळ्यांची फणी द्यायची आणि तो दर वेळी नको नको म्हणून घेऊन जायचा.

"काका गेलं ते मना सकाली समजला," तो म्हणाला. "परवा तर बाजारात भेटलं व्हतं. मना बोललं, विघ्नेश, फांद्या वाडल्यान, कवा येतंस?"

बेटीने मान हलवली. मग तिने एकदम त्याचा हात धरला. "माड बघितलास? उद्या सकाळपर्यंत होईल काय रे? जीना येते. हा जनरेटर मधेच गचके खातो, मला धीर नाय."

"सकाल कशाला? संध्याकालपर्यंत देतो. काकांसाठी देतो. तू कालजी नको करू."

विनीने त्याला पाणी दिलं. पाणी पिता पिता तो ओट्यावर टेकला आणि बाहेरच्या खांबाकडे बघू लागला. ह्या आळीतला तो शेवटचा खांब, बेटीच्या फाटकासमोरच. तिथून पुढे लाईन नव्हती.

"रमेश डीपीवर हाय, फ्यूज काडून पिशवीत ठेवल्यान," तो सांगू लागला. रमेश हा त्याचा जोडीदार. "पन आता नुसता फ्यूज काडून भागत नाय ना, काकी. आदी कसा, करंट एकाच बाजूनं यायचा. फ्यूज काडला का लाईन मेली, खुशाल हात लाव. आता घराघरावर सोलर. कुनी नीट लावलाय, कुनी कसाबी लावलाय. कुटल्या घरातून उलटा येल, काय सांगता येत नाय. चंदनसारला आमच्यातल्या एकाला असाच बसला. जगला, पन हात गेला त्याचा."

"येशू!" विनी म्हणाली. "मग रे?"

"मग काय, वर चडाच्या आदी घरोघर फिराचा. बाबा, तुजा सोलर बंद कर. लोक हसतात. बोलतात, लाईटवाला सूर्याला घाबरला." तो स्वतःही हसला. "सोलर वाईट नाय, तसा नाय. मी पन लावनार हाय घरावर, क्षितिजा मागंच लागलीय. पन आमची सवय मोडली ना. पन्नास टक्के भ्याव असायचा तो शंभर झाला."

क्षितिजा त्याची बायको. उठताना त्याने घराच्या भिंतीवरच्या मीटरकडे बघितलं. लाईट असताना त्यावर एक बारीक लाल ठिपका लुकलुकायचा, तो आता विझलेला होता.

"तुमचा बरा हाय, काकी. तुमच्याकडं सोलरच नाय. ह्या घराचा मना टेन्शन नाय," असं म्हणून त्याने चप्पल घातली आणि तो कुंपणापलीकडच्या बंगल्याकडे गेला.

तो बंगला रॉबर्टच्या धाकट्या भावाचा, गॉडफ्रेचा. मधे छातीएवढी भिंत. गॉडफ्रे बँकेत कारकून होता आणि निवृत्तीनंतर माणसाला कसलं ना कसलं वेड लागतं तसं त्याला सोलरचं लागलं. गच्चीभर पॅनेलं, जिन्याखाली इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या, मोबाईलवर रोजची वीज किती झाली त्याचा आलेख. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर तो लोकांना धरून धरून सांगायचा. एका रविवारी तर पेपर घेऊनच आला. "वाचलंत काय? देशाची निम्मी वीजक्षमता आता कोळशाशिवायची झाली!"

रॉबर्ट तिथेच होता. तो म्हणाला, "क्षमता म्हणजे ताट. ताट मोठं घेतलं म्हणून जेवलास काय? रात्री दिवा लागतो तो अजून कोळशावरच." लोक हसले. गॉडफ्रेही हसला, पण त्याला ते लागलं. आणि खरं म्हणजे दोघांचंही बरोबर होतं.

भांडण झालं ते मात्र फणसावरून. रॉबर्टच्या आवारातला फणस दुपारनंतर गॉडफ्रेच्या अर्ध्या पॅनेलांवर सावली धरायचा. गॉडफ्रे म्हणाला, झाड तोड. रॉबर्ट म्हणाला, बापाने लावलंय. गॉडफ्रे म्हणाला, देश पुढे चाललाय आणि तू फणसाला मिठी मारून बसलायस. त्यावर रॉबर्टने विचारलं, "सूर्य तुझा झाला म्हणून सावली माझी नाय काय?" बस्स. त्यानंतर भाऊ भावाशी बोलला नाही. एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसू लागले. बेटीने दोन्हीकडून समजावून पाहिलं आणि सोडून दिलं. काल गॉडफ्रे चार माणसांबरोबर आला, भावाला पेटीत ठेवताना पायांकडून उचलू लागला आणि कुणाकडे न बघता निघून गेला. बेटीला त्याचं फार वाईट वाटलं होतं. मेल्यावरही अबोला चालतो काय?

भिंतीपलीकडून आता विघ्नेशचा आवाज येत होता आणि मग गॉडफ्रेचा, वर चढलेला. "अरे, माझी सिस्टीम कंपनीची आहे. लाईन गेली की बाहेर करंट सोडतच नाय, आपोआप तोडते. ये, दाखवतो." त्याने खरंच दाखवलं असावं, कारण थोड्या वेळाने विघ्नेश समाधानाने मान हलवत बाहेर आला. गॉडफ्रेने सांगितलं त्यात काडीचंही खोटं नव्हतं. त्याच्या घरातून तारेवर काहीच जात नव्हतं.

विघ्नेशने खांबावर चढून टेस्टर लावून बघितला. लाईन मेलेली होती. मग तो आणि रमेश कामाला लागले. माड करवतीने कापून बाजूला ओढला गेला, नवी तार आली, आणि आळीतल्या पोरीबाळी, म्हातारे सगळे ओट्यांवर येऊन ते बघत बसले.

दुपारी जेवणं उरकत असताना जनरेटरने दोन आचके दिले आणि तो बंद पडला.

धडधड थांबल्यावर सगळ्यांना आधी बरंच वाटलं. मग बेटीच्या लक्षात आलं की पेटीची घरघरही थांबली आहे. ती ताटावरून उठली. मंडपवाल्याच्या माणसाने दोरी ओढून ओढून हात दुखवून घेतले. डिझेल होतं, पण यंत्र काही उठेना. मंडपवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, नायगावपासून विरारपर्यंत काल माड पडलेत, एकही जनरेटर शिल्लक नाही, संध्याकाळी बघतो.

"पेटी थंड राहते थोडा वेळ," कुणीतरी म्हणालं.

"थोडा म्हणजे किती?" बेटीने विचारलं. तिने काचेवर हात ठेवला. गारवा होता, पण सकाळसारखा नव्हता. आतून काचेला बाष्प धरू लागलं होतं आणि रॉबर्टचा चेहरा धुरकट होत चालला होता. दफन आजच उरकावं का, असं पुरुष बाहेर कुजबुजू लागले. एकजण म्हणाला, फादरना विचारून घेऊ. बेटीला ते ऐकू आलं. विमान एव्हाना कुठल्या समुद्रावर असेल, आणि त्यात बसलेल्या पोरीला कसं सांगायचं?

"वैनी."

भिंतीवरून गॉडफ्रे बोलत होता. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्याचे डोळे लाल होते आणि हातात पिवळ्या वायरीचं वेटोळं होतं.

"डिझेल नको आता. माझ्याकडची घ्या. ऊन पडलंय, बॅटऱ्या भरलेल्या आहेत. उद्यापर्यंत काय, परवापर्यंत पुरेल. अख्ख्या घराला देतो. माणसं उकाड्यात बसलीत."

बेटीला रडूच आलं. "ये, बाबा," ती म्हणाली. "भिंतीवरनंच ये."

ती वायर आळीत सगळ्यांना माहीत होती. एरवी वायरीच्या एका टोकाला पिन असते, हिच्या दोन्ही टोकांना होती. लग्नात, सणात एका घरची लाईट गेली की ज्याच्याकडे जनरेटर असेल तो एक पिन आपल्या बोर्डात घालायचा, दुसरी शेजाऱ्याच्या बोर्डात, की शेजाऱ्याचं अख्खं घर उजळायचं. कायद्यात ते बसत नाही, शेजारधर्मात बसतं. त्यात एकच पथ्य होतं. ज्या घरात वीज घ्यायची त्या घराचा मेन, म्हणजे मीटरजवळचा मुख्य स्विच, आधी खाली ओढायचा. नाहीतर ती वीज घरात थांबत नाही, मीटरमधून उलटी बाहेर पडून रस्त्यावरच्या तारांत शिरते. आळीत ते काम रॉबर्टचं. लग्नघर कुणाचंही असो, मेन ओढून तो आतून "खाली!" म्हणून ओरडायचा आणि मगच दुसऱ्याने पिन घालायची. इतकी वर्षं हे असं चालत आलं होतं की त्याला कधी कुणी सांगितलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला ते लक्षात ठेवावं लागलं नाही.

गॉडफ्रे भिंत उतरून भावाच्या घरात आला. पेटीकडे बघताच त्याला हुंदका फुटला. मंडपवाल्याच्या माणसाने पेटीची वायर जनरेटरवरून काढून घरच्या बोर्डात घातली. सरावाने तो बोर्डाशी गेला, पिन हातात धरली आणि किंचित थांबला. कशासाठी थांबलो हे त्याचं त्यालाही कळलं नाही. खोलीत सगळे गप्प होते. मग त्याने पिन घातली.

ट्यूब फडफडून लागली. पंखे फिरू लागले. पेटी एकदा थरथरली आणि तिची घरघर सुरू झाली. बायकांनी सुस्कारे सोडले, विनीने धाडकन खिडक्या उघडल्या. "बघा, ना आवाज ना धूर," ती म्हणाली. "एवढी अक्कल दोघा भावांना आधी सुचली असती तर!"

बेटी ओट्यावर गेली ती नुसता मोकळा वारा घ्यायला. तिथे तिला मीटरवरचा लाल ठिपका लुकलुकताना दिसला. तिने कपाळाला, छातीला हात लावून क्रूसाची खूण केली आणि देवाचे आभार मानले.

समोरच्या खांबावर विघ्नेश पट्टा बांधून चढत होता. शेवटची तार बांधायची राहिली होती. टेस्टर त्याने पुन्हा लावला नाही. लाईन त्याने स्वतः मारली होती, फ्यूज रमेशच्या पिशवीत होते आणि सोलरचं प्रत्येक घर तो स्वतः फिरून आला होता. जनरेटर बंद पडल्याचं त्याच्या कानांनी टिपलं असणारच. त्याने बेटीकडे बघून वरून हात केला.

"काकी, झाला! ही येक बांदली का झाला!"

बेटीनेही हात केला आणि ती आत गेली. गॉडफ्रे पेटीशेजारी खुर्ची ओढून बसला होता. काचेवर बोटं ठेवून तो आपल्या घरच्या बोलीत "दादा, दादा" एवढंच म्हणत होता. बेटीने त्याच्यापुढे चहा ठेवला. तिला वाटलं, रॉबर्टने हे बघायला हवं होतं.

घरात काहीच झालं नाही. पंखा फिरत होता, ट्यूब जळत होती. माणूस मरायला इतका थोडा करंट लागतो की पंख्यालाही त्याचा पत्ता लागत नाही.

बाहेरून रमेश ओरडला. "बंद करा! कुनाचा चालू हाय? आरं बंद करा रं!"

सगळे बाहेर धावले. विघ्नेश खांबावर ताठ झाला होता. एक हात तारेला चिकटलेला, मान मागे गेलेली, आणि तोंडातून आवाज नाही. आळीत पळापळ झाली. ज्यांच्याकडे सोलर होतं ते आपापल्या घरांत घुसले, स्विच खटाखट पडले. रमेश खाली कोरडा बांबू शोधत सैरावैरा धावत होता. गॉडफ्रे फाटकात उभा राहून ओरडत होता, "माझं नाय! माझं आपोआप बंद असतं! माझं नाय!"

बेटी ओट्यावरच राहिली होती. तिची नजर मीटरवर गेली. आळीत कुठेही लाईट नव्हती आणि तिच्या दारात तो ठिपका लुकलुकत होता.

तिला वीज कळत नव्हती, पण हे कळलं. ती आत पळाली. जिने जन्मात बोर्डाला हात लावला नव्हता तिने दोन्ही हातांनी ती पिन धरली आणि उपटून काढली. ट्यूब गेली. पंखे सावकाश झाले. पेटी गप्प झाली. आणि बाहेर खांबावर विघ्नेशचं अंग सैल पडून पट्ट्याला लोंबकळलं.

त्याला खाली उतरवलं, छाती दाबली, तोंडाला तोंड लावून श्वास दिला. शेजारच्या सेबॅस्टियनने आपला फुलांचा टेंपो काढला, त्यात घालून इस्पितळात नेलं. रमेश बरोबर गेला. बराच वेळ फोन आला नाही. तो येईल तेव्हा काय घेऊन येईल हे बेटीला ठाऊक होतं, तरी तिने माळ हातात घेतली. फोन आला तेव्हा विनीने तो उचलला, ऐकला, ठेवला आणि पेटीपाशी आणखी एक मेणबत्ती लावली.

पोलीस आले, पंचनामा झाला, पिवळी वायर गुंडाळून घेऊन गेले. गॉडफ्रे त्यांना म्हणाला, "पिन मी घातली." बेटी म्हणाली, "माझ्या घरात घातली. मी ये म्हटलं म्हणून घातली." साहेबाने दोघांकडे बघितलं आणि दोन्ही लिहून घेतलं. मेन का ओढला नाही असं त्याने विचारलं तेव्हा दोघंही पेटीकडे बघू लागले. काय सांगणार? ज्याचं ते काम, तो तिथे झोपला होता.

संध्याकाळी वीज कंपनीची दुसरी माणसं आली. राहिलेली तार त्यांनी बांधली, फ्यूज घातले आणि आळी एकदम उजळली. लाईट आली की पोरं सवयीने ओरडतात तशी ओरडली आणि मोठ्यांनी त्यांना दटावून गप्प केलं.

पंचनाम्याच्या वेळी बेटीच्या घरातली सगळी बटणं बंद करून पेटीची वायर काढली होती; ती हातात घेऊन मंडपवाल्याचा माणूस बोर्डाकडे निघाला.

"नको," बेटी म्हणाली.

"आता ही कंपनीची लाईट आहे, मावशी. आता काय भीती नाय."

"भीती नाय. नको."

विनीने तिला बाजूला घेतलं. "वेडी झालीस काय? जीना यायचीय. रात्र काढायचीय. तिला बापाचं तोंड दाखवायचं का नाय?"

"दाखवायचं," बेटी म्हणाली. "सेबॅस्टियनला पाचूबंदरला पाठव. बर्फाच्या लाद्या आण म्हणावं, भुसा लावलेल्या. माझ्या आजोबाला तसाच ठेवला होता."

"मासळीच्या बर्फावर?"

"मासळीच्या."

विनीने आणखी दोनदा सांगून बघितलं, मग चिडली, मग रडली आणि शेवटी स्वतःच टेंपोत बसून बर्फ आणायला गेली. रॉबर्टला पेटीतून काढून जुन्या लाकडी बाकावर ठेवलं. खाली, कुशीला, डोक्याशी लाद्या रचल्या. गॉडफ्रे रात्रभर भुसा पसरत आणि वितळलेल्या लाद्या बदलत राहिला. कुणी त्याला थांबवलं नाही, कुणी त्याच्याशी फारसं बोललंही नाही. बेटी त्याला अधूनमधून चहा देत होती, तेवढंच. त्याच्या स्वतःच्या घरातही दिवा नव्हता.

जीना आली ती सकाळी, उन्हं चढल्यावर. विमानतळापासून ती रडत आली होती आणि आळीत शिरताना तिला सगळं नेहमीसारखंच दिसलं. ओट्यांवर पंखे, कुणाच्या घरात टीव्ही, खांबावर नवी चकचकीत तार. खांबाच्या बुडाशी कुणीतरी झेंडूची फुलं ठेवली होती, तिला वाटलं कसला तरी सण असेल. फाटकातून आत पाऊल टाकलं ते पाण्यात. दारातून पाणी येत होतं, ओट्यावरून पायऱ्या उतरून अंगणात जात होतं, त्यात लाकडाचा भुसा तरंगत होता.

आत मेणबत्त्यांचा उजेड होता. डॅडीचा चेहरा थोडा काळवंडला होता, गाल बसले होते, पण डॅडीच होते. जीना त्यांच्या छातीवर पडून ओरडून रडली. आईने तिला रडू दिलं. तिचं रडून झालं, तेव्हा तिला उकाडा जाणवला, घामेजलेली माणसं दिसली, वरचा थांबलेला पंखा दिसला.

"मम्मी, सगळीकडे लाईट आहे," ती म्हणाली. "आपल्याकडेच का नाही? डॅडींना असं बर्फावर का ठेवलंय?"

"विघ्नेश अजून घरी पोचला नाय," बेटी म्हणाली. "इस्पितळात आहे. दुपारी देतील म्हणतात, मग जूचंद्रला नेतील."

"कोण विघ्नेश?"

"आपला लाईटवाला." बेटी गुडघे टेकून फरशीवरचं पाणी पुसत होती. तिने फडकं बादलीत पिळलं. "त्याची बायको वाट बघते. तो घरी पोचू दे, मग लावू."

जीनाला काही कळलं नव्हतं. तिने मावशीकडे बघितलं, काकाकडे बघितलं. गॉडफ्रे भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग तिने बूट काढून बाजूला ठेवले, जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आईच्या शेजारी पाण्यात बसून दुसरं फडकं हातात घेतलं.